मे-फिल वसईची

पंधरा पीएल, शंभराच्या वर मुलं आणि गळ्यात एक शिट्टी. वसईतल्या एका धर्मग्रामाच्या उन्हाळी शिबिरात मे महिना कसा उडून जातो, त्याचा हा ऑन द स्पॉट रिपोर्ट!

मे महिना आला की ऑफिसात दोनच प्रकारचे लोक उरतात. मनालीला जाऊन आलेले आणि मनालीला जाणारे. (तिसरा प्रकार म्हणजे बॉसने ज्यांची रजा नामंजूर केली ते. त्यांच्याविषयी न बोललेलंच बरं.) पण अंधेरीच्या एका चकाचक काचेच्या बिल्डिंगमध्ये एक मुलगी आहे, ती या तिन्हींत बसत नाही. वर्षभर ती एकही पीएल घेत नाही. ताप आला तरी गोळी घेऊन लॉगिन. दिवाळीत नाही, थर्टीफर्स्टला नाही, बेस्ट फ्रेंडच्या गोव्याच्या बॅचलर पार्टीलाही नाही. आणि मे उजाडला की पंधराच्या पंधरा रजा एकदम उडवते.

जाते कुठे? कुठेच नाही. बोरिवलीनंतरच्या पाचव्या स्टेशनवर, जिथून रोज सकाळी लोकलला लटकते, तिथेच राहते. वसईत!

‘‘नाव छापलंस तर बघ हं,’’ हे तिचं मला म्हटलेलं पहिलं वाक्य. ‘‘ऑफिसात सांगितलंय, गावी चाललेय म्हणून.’’ आता यात खोटं काय आहे सांगा. गावीच तर असते! शिबिरातली मुलं तिला ताई म्हणतात, आपणही ताईच म्हणू. वय २६, बी.कॉम., एका परदेशी इन्शुरन्स कंपनीच्या क्लेम्सचे कॉल्स घेणं हे पोटापाण्याचं काम. बाकीचं सगळं आयुष्य धर्मग्रामाच्या युवक मंडळात. धर्मग्राम म्हणजे एका चर्चभोवतीचं गाव, पाड्या-वाड्यांसकट. आणि युवक मंडळाची कार्यकर्ती म्हणजे नेमकं काय? ‘‘खुर्च्या मोजणारी,’’ ताई म्हणाली.

स्टेशन मागे पडलं की...

वसई रोडला पश्चिमेला उतरलात तर पहिली दहा मिनिटं तुमचा जाम विरस होईल. टॉवर, मोबाइलची दुकानं, मोमोचे ठेले, भावी नगरसेवकांचे फ्लेक्स. अंधेरीच उचलून इथे आणून ठेवल्यासारखं. पण रिक्षात बसा आणि गावाकडे निघा. एका वळणावर उजवीकडची बिल्डिंग संपते आणि एकदम केळीची वाडी सुरू होते. मग नारळ, पानवेली, मोगरा, चाफा, जास्वंद. दादरच्या फुलबाजारात पहाटे जी टोपली उतरते ना, त्यातली बरीचशी फुलं या वाड्यांतली. गल्लीच्या तोंडाशी पांढरा चुना लावलेला क्रूस, त्याला झेंडूची माळ. दारावरच्या पाट्या वाचत जा. लोपीस, तुस्कानो, डाबरे, परेरा. आणि त्याच दारातून हाक ऐकू येते ती खणखणीत मराठीत, ‘‘अगं, कैऱ्या उन्हात घातल्यास का?’’

वसईचा हा कॉम्बो नव्याने येणाऱ्याला जरा गोंधळात टाकतो. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाकडून वसई पोर्तुगीजांकडे गेली, ती १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी जिंकेपर्यंत. दोनशे वर्षांत धर्म बदलला, आडनावं बदलली. भाषा मात्र बदलली नाही. सामवेदी ख्रिस्ती घरांत आजही कादोडी बोलली जाते, लाल लुगड्यातल्या आज्या अजून भेटतात. १९६२ ते ६५ च्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर लोकांच्या भाषेत मिस्सा म्हणायला परवानगी मिळाली आणि इथल्या चर्चमध्ये लॅटिनच्या जागी मराठी आली. १९९८ मध्ये मुंबईपासून वेगळा होऊन वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. फादर फ्रान्सिस दिब्रिटो इथलेच, नंदाखालचे. तेव्हाच्या उस्मानाबादला, म्हणजे आताच्या धाराशिवला, २०२० साली भरलेल्या ९३ व्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. २५ जुलै २०२४ ला ते गेले. ताईच्या पर्समध्ये त्यांचं एक पुस्तक कायम असतं. वाचून किती झालंय हे विचारल्यावर तिने विषय बदलला!

पानवेल विरुद्ध राजेळी

सकाळी साडेसहाची मिस्सा. सात वाजता ताई चर्चच्या मागच्या हॉलमध्ये खुर्च्या लावत असते. आठला तिचे सात-आठ शिलेदार येतात. कोणी बारावीचा रिझल्ट लागायची वाट बघणारा, कोणी इंजिनीअरिंगच्या सेकंड इयरची, एक जण जहाजावर नोकरीला जाण्याआधीची शेवटची सुट्टी एन्जॉय करणारा. नऊला मुलं येतात, आणि नऊ वाजून एका मिनिटाने शांतता वसई सोडून जाते.

पहिली ते नववीची मुलं. चार ग्रुप. नावं रेड हाऊस, ब्ल्यू हाऊस नाहीत. मोगरा, पानवेल, राजेळी आणि ताडगोळा! राजेळी म्हणजे केळ्याची ती जात, जी सोलून उन्हात वाळवली की वसईची फेमस सुकेळी होते. ताडगोळा ग्रुपच्या मुलांना सुरुवातीला आपल्या नावाची लाज वाटत होती म्हणे. दुसऱ्या दिवशी कोणाच्या तरी काकांनी अख्खा घड पाठवला, बर्फासारखे गार गोळे सगळ्यांनी हाणले आणि तिसऱ्या दिवसापासून इतर तिन्ही ग्रुप जळायला लागले.

प्रार्थना, अॅक्शन साँग, बायबलमधली एक गोष्ट, चित्रकला, मग लगोरी नाहीतर रस्सीखेच. हार्मोनियम-तबल्यावरची जुनी भक्तिगीतं आणि लगेच पुढे कीबोर्ड-गिटारवरचं काहीतरी ढॅणढॅण. (स्पीकर थोडा कमी चालला असता तरी परमेश्वराला ऐकू गेलं असतं, असं माझं नम्र मत.) मधल्या सुट्टीत पिंपातलं कोकम सरबत. या सगळ्यात ताईचं काम काय ते बघत मी पहिले दोन तास हॉलच्या कोपऱ्यात बसले होते. ती गात नाही, गोष्ट सांगत नाही, खेळतही नाही. ती फक्त असते. कोणाच्या चपलेचा पट्टा तुटला, ताई. कोणाला ‘तू जाडी’ म्हटलं, ताई. एका मुलाचे वडील आखातात, आई हॉस्पिटलात, तो सकाळी काही न खाता येतो, हे तिला दुसऱ्या दिवशी कळलं. तिसऱ्या दिवसापासून दोन बटाटेवडे आधीच बाजूला काढलेले असतात आणि ‘‘ए, हे उरलेत, संपव बघू’’ म्हणून त्याच्या हातात जातात. उरलेले नसतात ते. त्याला हे माहीत आहे की नाही, कोण जाणे.

शुक्रवारी गोष्ट होती गोन्सालो गार्सियाची. हे पहिले भारतीय संत, जन्म वसईचा. वडील पोर्तुगीज, आई इथली. किल्ल्यातल्या जेझुइटांकडे शिकले, जपानला गेले, व्यापार केला, मनिलात फ्रान्सिस्कन झाले, पुन्हा जपानला गेले आणि ५ फेब्रुवारी १५९७ ला नागासाकीच्या टेकडीवर इतर पंचवीस जणांबरोबर क्रुसावर मारले गेले. १८६२ साली त्यांना संतपद मिळालं. गोष्ट संपल्यावर हॉल दोन सेकंद चिडीचूप. मग राजेळीतल्या एका चौथीतल्या मुलाने हात वर केला, ‘‘म्हणजे फॉरेनला जॉबला गेलेला पहिला वसईकर तोच ना?’’

हॉल फुटला. ताई सगळ्यात जास्त हसली. जहाजावर निघालेला तो शिलेदार मात्र जरा वेळाने हसला.

बावखल म्हणजे काय रे भाऊ?

माझ्या मते शिबिरातला सगळ्यात भन्नाट प्रकार हॉलच्या बाहेरचा होता. दुपारचा होमवर्क! प्रत्येकाने आजी-आजोबांना गाठायचं आणि दोन गोष्टी विचारून यायच्या. एक, आपल्या वाडीत बावखल कुठे होतं? दोन, त्याच्याशी जोडलेले दहा शब्द, आजी बोलते तसे.

बावखल म्हणजे वाडीतलं तळं, वसईची खासियत. पावसाळ्यात तुडुंब भरायचं, मग वर्षभर त्याचं पाणी झिरपत राहायचं. जमिनीखाली गोड पाण्याचा साठा भरलेला राहिला की समुद्राच्या खाऱ्या पाण्याला आत घुसायला वाव मिळत नाही, आजूबाजूच्या विहिरी गोड राहतात. सिंपल! पूर्वी बैलांच्या रहाटाने पाणी काढायचे, जेवढं निघे तेवढं पुन्हा भरून येई. मग विजेचे पंप आले. ऐंशीच्या दशकात टँकर भरभरून पाणी विकलं जाऊ लागलं, विहिरी खारट व्हायला लागल्या. पाणी आणि हिरवाई वाचवायला हरित वसईचं आंदोलन उभं राहिलं, त्यात फादर दिब्रिटो आघाडीवर होते. टँकरवर लोक भडकले, पण बावखलं नंतरही गुपचूप बुजत राहिली. कोणी भराव टाकून बंगला बांधला, कोणी पार्किंग केलं. बिल्डरला शिव्या घालणं सोपं आहे. वाडी मात्र कोणीतरी घरच्यानेच विकलेली असते, कधी आजारपणासाठी, कधी मुलाच्या फीसाठी.

दुसऱ्या दिवशी हॉलच्या भिंतीवर पांढरा कागद लावला होता, त्यावर धर्मग्रामाचा हाताने काढलेला नकाशा. मुलं एकेक करून निळा स्केचपेन घेऊन येत होती. जिथे बावखल अजून आहे तिथे भरलेला गोल, बुजलं असेल तिथे रिकामा. अर्ध्या तासात रिकामे गोल इतके झाले की एका मुलीने विचारलं, ‘‘ताई, हे सगळं खरंच पाणी होतं?’’ मग शब्दांची यादी. एका आजीला दहाऐवजी चाळीस शब्द आठवले होते, नात वही भरून घेऊन आली. एका मुलाच्या वहीत एकच शब्द. आजी बोलली नाही, रडायला लागली, असं त्याने सांगितलं. ताईने त्याला तोच एक शब्द मोठ्या अक्षरात लिहायला लावला.

संध्याकाळ, रात्र आणि मधलं इंद्याल

मुलं साडेबाराला घरी जातात. ताई नाही. मे म्हणजे मरियेचा महिना, त्यामुळे रोज संध्याकाळी एकेका वाडीतल्या क्रुसापाशी जपमाळेची प्रार्थना. सतरंज्या कोण आणणार, माइक कोणाचा, लाइट गेले तर बॅटरी कुठली, सगळं युवक मंडळाच्या गळ्यात. त्यात मे म्हणजे लग्नांचा सीझन. ईस्टरच्या आधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळात लग्नं होत नाहीत, त्यामुळे नंतर मांडवच मांडव! शनिवारी रात्री आम्ही प्रार्थनेहून थेट ताईच्या मावसबहिणीच्या मांडवात. ब्रास बँड, घामाने निथळणारे काका, नाचणाऱ्या मावश्या आणि जेवणात इंद्याल आणि फुगे. फुगे म्हणजे तळलेले गोल, मऊ पाव. इंद्याल म्हणजे व्हिनेगर घातलेलं झणझणीत मटण. पुढचं वर्णन करत नाही, तुम्ही ऑफिसात बसून वाचत असाल.

रात्री साडेअकराला मांडवाच्या मागे प्लॅस्टिकच्या खुर्चीवर पाय वर घेऊन ताई दुसऱ्या दिवशीच्या सरबताचा हिशेब करत होती. मी विचारलं, दमत नाहीस? ‘‘दमते ना. ऑफिसात पण दमते. पण तिथे दमले की झोप येत नाही. इथे मेल्यासारखी झोपते.’’ हे ती तोंडात फुगा कोंबून बोलली, त्यामुळे मला दोनदा विचारावं लागलं.

शिबिरात सगळंच गोडगोड नाही. रविवारी मिस्सेनंतर एक मम्मी ताईला गाठायला आल्या होत्या. त्यांची तक्रार अशी की शिबिर इंग्लिशमध्ये का नाही? मुलं इंग्लिश मीडियमची, सुट्टीत तेवढीच प्रॅक्टिस झाली असती. ताई हसून म्हणाली, ‘‘आंटी, वर्षभर मी फोनवर इंग्लिशच बोलते. त्याचे मला पैसे मिळतात. इथे फुकट आहे, म्हणून मराठी.’’ मम्मी हसल्या, पण पटलं नाही हे चेहऱ्यावर दिसत होतं. आणि त्यांचं म्हणणं अगदीच फेकून देण्यासारखंही नाही. शिबिरात स्टेशनजवळच्या सोसायट्यांतली काही मुलं आहेत, घरी मल्याळम नाहीतर कोकणी बोलणारी. त्यांच्यासाठी प्रत्येक गोष्टीनंतर एक शिलेदार कानात इंग्लिशमधून सांगत असतो. त्यातला एक मल्याळी मुलगा आता रस्सीखेचीत ‘‘ओढ रे, ओढ’’ असा कोकलतो की बाकीच्यांनी त्याला कॅप्टन करून टाकलंय.

सोमवारपर्यंत कळव

खरी गोम रविवारी दुपारी कळली. ताईच्या घरच्या ओट्यावर बसलो होतो, समोर कैरीच्या फोडी आणि मीठ-मसाला. तिने मोबाइल पुढे केला. ऑफिसचा मेल. टीम लीडरची पोस्ट, पगारात घसघशीत वाढ, नवी प्रोसेस. खाली बारीक अक्षरात अट होती, एप्रिल ते जून या तिमाहीत लीडरला सलग दोन दिवसांपेक्षा जास्त रजा मिळणार नाही. उत्तर सोमवारपर्यंत कळवायचं.

म्हणजे पुढच्या वर्षीपासून मे नाही.

पप्पा म्हणतात, घे. त्यांचं बरोबर आहे, वाडी आता घर चालवत नाही, धाकट्याची कॉलेजची फी आहे. आई काहीच बोलत नाही, कैरी कापत राहते. मैत्रिणींचं मत एकच, वेडी आहेस का, शिबिर काय कोणीही घेईल. ‘‘फादरांना विचारलं,’’ ताई म्हणाली. ‘‘मला वाटलं, ते थांब म्हणतील. तर म्हणाले, तू नसलीस तरी शिबिर होईल, काळजी करू नकोस. इतका राग आला माहितीये! होईलच ना. माझ्याआधीच्या ताईच्या वेळी पण असंच झालं असेल. ती आता कॅनडात आहे. नाताळला मेसेज करते, शिबिराचे फोटो पाठव म्हणून.’’

मग तिने मला विचारलं, ‘‘तू काय केलं असतंस?’’ मी फ्रीलान्सर. मला पीएलच नाहीत. हे उत्तर तिला पुरलं नाही, पण आम्ही दोघी खूप हसलो.

तुम्हाला वसईला जायचंच असेल तर घाई करा, म्हणजे पाऊस येण्याआधी. किल्ला सकाळी लवकर बघा, दहानंतर ऊन डोक्यात जातं. एएसआयच्या ताब्यातला हा किल्ला म्हणजे वडा-पिंपळांच्या मुळांनी धरून ठेवलेल्या भिंती, छप्पर नसलेली चर्चेस आणि दर पन्नास पावलांवर एक प्री-वेडिंग फोटोशूट. इथल्या चर्चच्या घंटा चिमाजी अप्पांनी नेल्या, त्यातली एक भीमाशंकरच्या देवळात आजही आहे. नालासोपाऱ्याला उतरलात तर निर्मळ, नंदाखाल, गास, भुईगाव ही गावं जवळ. भुईगावचा किनारा संध्याकाळचा. सुकेळी कोणाच्या तरी घरीच मिळवा, दुकानातल्यापेक्षा भारी असतात. आणि रस्त्यात एखादं हिरवं, शेवाळलेलं तळं दिसलं, चिंच-आंब्याच्या सावलीत पडलेलं, तर पाच मिनिटं थांबा. तेच बावखल.

सोमवारी शिबिराची सहल होती. शंभराच्या वर मुलं, तीन बस, किल्ल्यात जेवण आणि गोन्सालो जिथे शिकला ती जागा बघायची. मी मुंबईला परतले होते. दुपारी फोन केला, उचलला नाही. चारला पुन्हा केला, नाही. साडेपाचला व्हॉट्सअॅप आलं, ‘‘नंतर बोलते. ताडगोळ्यातला एक जण सापडत नाहीये.’’ दहा मिनिटांनी दुसरा मेसेज, ‘‘सापडला. बुरुजावर चढून बसला होता. खाली उतरायला तयार नाही.’’